विज्ञान दिनाला कमला सोहोनींवर कार्यक्रम कसा बसवायचा (बटाटा लागेल)

आमच्या नागपुरात विज्ञान दिन म्हटलं की पोरांना गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्रात एक चक्कर आणि शाळेत भाषणं. दोन वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी बायोकेमिस्ट कमला सोहोनींवर बोलली, मस्त बोलली, पण बंगलोरच्या संस्थेत सी. व्ही. रमण यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला इथंच भाषण संपलं, आणि मागच्या बाकावरून एकाने विचारलं, मॅडम पण त्यांनी शोधलं काय? मी विज्ञान शिकवते, तरी मला नीट सांगता आलं नाही. फार लागलं ते. मग वाचत बसले, आणि आता जसं बसवते तसं सांगते.

सुरुवात अपमानाने करू नका, बटाट्याने करा. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, ६ टक्केवालं मिळालं तर तेवढंच पाणी घालून अर्धं करा, हे काम मोठ्यांनीच करायचं. दोन काचेचे उंच ग्लास घ्या, एकात कच्च्या बटाट्याच्या फोडी, दुसऱ्यात उकडून थंड केलेल्या, आणि दोन्हीत फोडी बुडतील इतकं पेरॉक्साइड. कच्च्यावर पांढरा फेस चढतो, उकडलेला गप्प बसतो. फेसाजवळ पेटती अगरबत्ती नेली की तिचं टोक लालभडक होतं, तो ऑक्सिजन. कच्च्या बटाट्यातलं कॅटालेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रोटीन, हे करतं, उकडलं की ते बिघडतं.

आता मुलांना सरळ सांगा की हा प्रयोग कमलाबाईंचा नाही, त्यांचं काम याच्या शेजारचं. केंब्रिजला बटाट्यावर काम करता करता त्यांनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी असतं, म्हणजे पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारं प्रोटीन. कॅटालेज आणि सायटोक्रोम सी, दोघांच्याही पोटात लोह असतं, हे फळ्यावर लिहाच. १९३९ मध्ये यावर पीएचडी मिळाली आणि प्रबंध किती पानांचा, तर फक्त ४०! माझ्या वर्गात या आकड्यावर जेवढी शांतता पसरली तेवढी दुसऱ्या कशावर नाही.

एवढं झालं की मग बंगलोर. १९३३, मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, वडील आणि काका दोघंही टाटांच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले, तिथेच प्रवेश मागितला, आणि तिथले संचालक रमण म्हणाले मुली घेत नाही. कमला भागवत (हे त्यांचं लग्नाआधीचं नाव) तिथेच सत्याग्रहाला बसल्या, मग अटी घालून घेतलं, पहिलं वर्ष चाचणीचं. ते त्यांनी काढलं, दूध आणि डाळींच्या प्रोटीनवर काम केलं. मुलं हमखास विचारतात की मग विज्ञान दिन रमण यांच्याच शोधावर का? सांगा, २८ फेब्रुवारी १९२८ चा रमण परिणाम खराच मोठा आहे आणि मुलीला दारात थांबवलं हेही तितकंच खरं, एकाने दुसरं पुसत नाही. घाईघाईत सावरून घेऊ नका ना, मुलांना समजतं.

पुढचं आयुष्य थोडक्यात घ्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, १९४७ मध्ये लग्न, मग मुंबईच्या विज्ञान संस्थेतलं काम. तिथे त्यांनी नीरेवर संशोधन केलं, गरिबांच्या आहारात ती उपयोगी पडावी म्हणून, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नंतर ग्राहकांसाठी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीत उतरल्या, १९८२-८३ ला तिथल्या अध्यक्ष होत्या. १९९८ मध्ये गेल्या. आणि मराठीच्या मॅडमना स्टेजवर बोलवाच, कारण दुर्गाबाई भागवत यांच्या सख्ख्या बहीण!

ग्राहकांचा विषय निघाला की दुधातली स्टार्चची भेसळ ओळखायचं दुसरं टेबल मांडा. दोन वाट्यांत थोडंथोडं दूध, एकात चिमूटभर कॉर्नफ्लोर, दोन्हीत पाणी घालून उकळा, पूर्ण गार होऊ द्या, मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब. स्टार्चवालं निळं पडतं. गरम असताना टाकलं तर रंग दिसत नाही, आमचं पहिल्यांदा तसंच फसलं. हे दूध कोणी पिणार नाही याची काळजी घ्या, वाट्या वेगळ्या ठेवा.

आणि पेरॉक्साइडची बाटली आदल्या दिवशीच घ्या, मागच्या वर्षीची उरलेली काढू नका. उघडून ठेवलेली, उन्हात राहिलेली बाटली कमजोर पडते, मग फेस येत नाही आणि पुढच्या रांगेतली पोरं नुसती ग्लासाकडे बघत बसतात.