भाड्याचा करार एकाच्याच नावावर, मग घरातल्या बाकीच्यांचा आधार पत्ता कसा बदलला

२०२४ मध्ये आम्ही आठ जण मिरजेहून बंगळुरूला राहायला आलो. भाडेकरार फक्त माझ्या नावावर. त्यामुळे आई, बाबा, बायको आणि चार मुलांचे आधार जुन्याच पत्त्यावर अडकले.

करारावर नाव नाही म्हणून बायकोचा ऑनलाइन अर्ज दोनदा फेटाळला. घरमालक सगळ्यांची नावं घालायला तयार होईनात. दीड महिना यात गेला. इथे विचारावं असं जवळचं कुणी नाही, फार एकटं वाटलं.

शेवटी कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलण्याची सोय कामी आली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कराराची प्रत लावून माझा स्वतःचा पत्ता बदलून घेतला, कारण बाकीच्यांना माझ्या आधारवरचाच पत्ता मिळतो. मग आधार केंद्रात जाऊन सगळ्यांच्या आधारला मोबाइल जोडला (मुलांच्या आधारला माझाच नंबर चालला). त्यानंतर प्रत्येकाच्या लॉगिनमधून 'मायआधार' या आधारच्या संकेतस्थळावर कुटुंबप्रमुखाचा पर्याय निवडून माझा आधार क्रमांक टाकला, दोघांची नावं आणि नातं दिसणारं रेशनकार्ड जोडलं, ५० रुपये भरले आणि एसआरएन (त्या विनंतीचा क्रमांक) लिहून ठेवला. नात्याचा कागद नसेल तर कुटुंबप्रमुखाचं स्वयंघोषणापत्र चालतं.

इथेच बरेच जण थांबतात. अर्ज भरून काम होत नाही: मी माझ्या लॉगिनमधून प्रत्येक विनंती मंजूर केली. ही मंजुरी ३० दिवसांत द्यावी लागते, नाहीतर अर्ज बंद होतो आणि पैसेही परत मिळत नाहीत.

सातही जणांचे पत्ते बदलले.