निबंधाच्या वहीत आणि मराठीच्या पेपरात या चुका टाळा

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या मराठी कुमारभारतीची लेखी कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, 80 गुणांची. त्यातले 24 गुण उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र, सारांश, निबंध अशा लेखनाला, आणि त्यातही 8 गुण एकट्या प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखनाला. शिवाय गद्यात स्वमत आहे, म्हणजे उताऱ्यावर स्वतःचं मत मांडायचं, पद्यात 4 गुणांचं रसग्रहण आहे, म्हणजे कवितेत काय भावलं ते सांगायचं. मुलांनी स्वतःचं काही लिहावं म्हणून एवढी जागा मोकळी ठेवलेली असते आणि वह्या तपासायला घेतल्या की सगळ्या वर्गाने एकच वाक्य लिहिलेलं सापडतं. वर्षानुवर्षं हेच बघून आता थकवा आलाय, म्हणून हे लिहिते आहे.

धड्याआधी गाइड उघडणं

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. धडा वाचायला वीस मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसतो. गाइडातला सारांश वाचायचा, नाहीतर मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ बघायचा आणि धडा ‘झाला’ म्हणायचं. मग रसग्रहणात काय येतं? ‘कवीने साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत आशय मांडला आहे.’ हे वाक्य कुठल्याही कवितेला चिकटवता येतं, म्हणूनच ते कुठल्याही कवितेबद्दल काही सांगत नाही.

द. भा. धामणस्कर यांची ‘वस्तू’ घ्या. निर्जीव वस्तूंशीही मन असल्यासारखं वागावं, त्यांना त्यांची जागा द्यावी, निरोपसुद्धा कृतज्ञतेने द्यावा, असं ती सांगते. वर्गात मी आधी कविता दोनदा मोठ्याने वाचते, अर्थ सांगत नाही. मग विचारते, तुमच्या घरातली कुठली वस्तू कुणीच हलवू देत नाही? एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आईचं शिलाई मशीन. बंद पडलंय, पण त्याच्यावर ती पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवू देत नाही.’ तिला कविता कळली होती. ते मशीन उत्तरात आलं तर रसग्रहणातल्या आशयसौंदर्याच्या मुद्द्यासाठी वेगळं पाठांतर कशाला लागेल?

माझी सवय सांगते. पहिल्या वाचनात हातात फक्त पेन्सिल. अडलेला शब्द शोधायला थांबायचं नाही. जिथे मन अडखळलं, हसू आलं किंवा राग आला, तिथे समासात एक रेघ. वाचून झालं की पुस्तक मिटून त्या रेघेबद्दल तीन ओळी लिहायच्या. एवढं झाल्यावर गाइड खुशाल उघडा, माझी हरकत नाही.

स्वमतात उताराच परत लिहिणं

‘मला असे वाटते की’ लिहिलं म्हणजे मत होत नाही, त्याच्यापुढे उताऱ्यातलीच वाक्यं असतील तर तो आकलनाचाच प्रश्न पुन्हा सोडवलेला असतो. एक उदाहरण घरचं, गल्लीतलं किंवा शाळेतलं द्या. लेखकाशी पटत नसेल तर तसं लिहा आणि का ते सांगा.

प्रसंगलेखनात दुसऱ्याचा प्रसंग

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला की माझ्यासमोर मोर नाचायला लागतात. आकाशात काळे ढग, मातीचा सुगंध, थुईथुई मोर आणि शेवटी गरमागरम भजी. एका वर्षी अशाच गठ्ठ्यात एका मुलाची वही होती. अक्षर सुरेख, मोर जागेवर. हा मुलगा राहायचा नाल्याच्या कडेच्या चाळीत आणि त्याच आठवड्यात त्यांच्या घरात पाणी शिरल्याने दोन दिवस शाळेला आला नव्हता.

मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, ‘पाणी शिरलं तेव्हा तू पहिल्यांदा काय उचललंस?’ तो म्हणाला, ‘पिठाचा डबा.’ मग आपोआप पुढे सांगत गेला. डबा कपाटावर, दप्तर खिळ्याला, आजीला शेजारच्यांच्या माळ्यावर. वडील कामावर अडकलेले. आई रात्रभर खाटेवर बसून विजेच्या बोर्डाकडे बघत होती, कारण पाणी तिथवर चढायला वीतभरच बाकी होतं. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, ‘पण बाई, हे लिहिलं तर मार्क मिळतील?’

हा प्रश्न मला फार लागला. आपण मुलांना इतके ‘आदर्श निबंध’ वाचायला दिलेत, की स्वतःच्या घरातलं पाणी त्यांना निबंधात घेण्याजोगं वाटत नाही. त्याने ते लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, शेवट घाईत उरकला होता, तरी त्या गठ्ठ्यात मी दुसऱ्यांदा वाचलेला निबंध तेवढा एकच.

म्हणून माझा आग्रह असतो, की लिहायच्या आधी त्या दिवशी हाताला लागलेली, नाकाला जाणवलेली, कानावर पडलेली प्रत्येकी एक गोष्ट कच्च्या पानावर टिपा. लिहून झालं की पहिला परिच्छेद झाकून वाचा. बहुतेक वेळा खरी सुरुवात दुसऱ्या परिच्छेदात असते, मग पहिला खोडून टाका. मुलांना तो खोडायचा जिवावर येतं, पण खोडायचाच. आणि आजीने ‘आलास व्हय रं’ म्हटलं असेल तर अवतरणात तसंच ठेवा. तिथे लाल रेघ मारणारे शिक्षक माझ्या मते चुकतात.

बाकीच्या, थोडक्यात

आत्मकथनाची सुरुवात ‘अरे, इकडे तिकडे काय बघतोस? मीच बोलतोय!’ अशी करू नका. झाडाला, फळ्याला, छत्रीला, सगळ्यांना हेच वाक्य दिलेलं असतं.

निबंधाच्या डोक्यावर सुविचार नको. थोरांच्या नावावर खपवलेली निम्मी वाक्यं त्यांची नसतात.

‘माझी मदत केली’ ही हिंदीची धाटणी, मराठीत ‘मला मदत केली’. ‘तो बोलला की’ऐवजी ‘तो म्हणाला की’.

शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ, पण ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ ऱ्हस्व. हे एकदा पाठ करा आणि विषय संपवा.

पुस्तक परीक्षणात मलपृष्ठावरचा मजकूर उतरवू नका, शिक्षकांनीही तो वाचलेला असतो.

सारांश मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश हवा. अधलीमधली वाक्यं गाळून उरलेली जोडली तर त्याला सारांश म्हणत नाहीत. उतारा झाका आणि मग लिहा.

बोर्डाच्या पेपरात पत्राखाली स्वतःचं खरं नाव किंवा शाळेचं नाव घालू नका, प्रश्नात दिलेलंच नाव वापरा.