जागलीचे मचाण : बांधण्याची आणि तपासण्याची तयारी

दसरा उलटला की विदर्भातल्या जंगलालगतच्या शेतांत जागलीचे, म्हणजे रात्री पिकाची राखण करण्याचे, वेध लागतात. धान लोंबीवर आलेले असते, तूर कमरेच्या वर गेलेली असते आणि रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत सगळ्या हंगामाची माती करू शकतो. झाडाच्या आधाराने मचाण कसे बांधावे हे गावात पुष्कळांना येते, पण बांधून झालेल्या मचाणाची परीक्षा घेण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. पहिल्या रात्री जो वर चढतो तोच त्याची परीक्षा घेतो, आणि तीही अंधारात, झोप डोळ्यांवर असताना. आमच्या शेतात एका हंगामात मचाणाचा एक कोपरा रात्री अकराच्या सुमारास सुटला आणि काकांचा घोटा मोडला. बांबू शाबूत होता, झाड शाबूत होते. सुटली होती ती मागल्या वर्षीची पिवळी प्लास्टिकची दोरी. त्यानंतर आम्ही दरवर्षी जी तयारी करतो ती येथे क्रमाने मांडली आहे.

सर्वांत आधी मचाण मुळात बांधावे की नाही हे ठरवावे. हत्तींची ये-जा असलेल्या भागात, म्हणजे कोकणात दोडामार्ग-तिलारीकडे आणि २०२१ पासून गडचिरोलीच्या काही पट्ट्यांत, दहा-बारा फुटांचे मचाण हत्तीच्या सोंडेच्या टप्प्यातच असते, म्हणून तेथे ते बांधूच नये. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या धानपट्ट्यात वाघाचा वावर असेल तर खरा धोका मचाणावर बसण्यात नसून घरापासून मचाणापर्यंतच्या वाटेत असतो; तेव्हा वनरक्षकाकडे चौकशी करावी, एकट्याने जाऊ नये, दिवस मावळण्यापूर्वी वर चढावे आणि पुरते उजाडल्यावरच उतरावे. बिबट्या झाडावर चढतो, त्यामुळे उंची म्हणजे संरक्षण असे कोणी धरून चालू नये. मचाण राखणीसाठी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि मचाणाभोवती तारेत वीज सोडण्याचा जो जीवघेणा प्रकार अधूनमधून ऐकू येतो तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात डुकरांइतकीच शेजारच्या शेतकऱ्याची माणसे सापडतात.

झाड निवडताना सावलीपेक्षा लाकूड पाहावे. चिंच, आंबा, मोह, ऐन, कडुनिंब ही झाडे भरवशाची आहेत. शेवगा, पांगारा, काटेसावर यांचे लाकूड मऊ असते आणि जांभळाची फांदी जाडजूड दिसूनही एकाएकी मोडते, म्हणून ही टाळावीत. बुंधा छातीच्या उंचीवर किमान फूटभर जाड असावा आणि आधाराच्या फांद्या मांडीएवढ्या असाव्यात. दोन फांद्या जेथे फुटतात ती बेचकी अरुंद असेल आणि तिच्यात साल आत दबलेली दिसत असेल, तर तो सांधा वरून घट्ट वाटला तरी आतून जुळलेला नसतो. रुंद, गोलसर बेचकी त्याहून कितीतरी मजबूत. बुंध्यावर लाकडी मोगरीने खालपासून वरपर्यंत ठोकत जावे, पोकळ आवाज आला किंवा बुडाशी लाकडाला चिकटलेली कडक भूछत्रे दिसली तर दुसरे झाड शोधावे. मग मान वर करून पाहावे : वाळलेले ढाळे, आग्या मोहोळ, लाल मुंग्यांची घरटी आणि वरून जाणारी विजेची तार या चारांपैकी काहीही असेल तर ते दूर झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि तार दूर होणार नसते हे गृहीतच धरावे. मोकळ्या रानात एकट्या उभ्या असलेल्या उंच झाडावर मचाण नको, कारण परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झाडाची फांदी तोडण्याची वेळ आली तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याची आठवण ठेवावी आणि आधी विचारावे.

बांबू मानवेल जातीचा, तीन ते चार वर्षांचा, घट्ट पेरांचा घ्यावा. कोवळा हिरवागार बांबू वाळताना आकसतो आणि त्याच्यावरची बांधणी आपोआप सैल होते. जुनी माणसे बांबू थंडीत आणि अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा असे सांगतात. चंद्राचे काय ते असो, थंडीत बांबूतला पिठूळपणा कमी असल्याने त्याला भुंगा कमी लागतो हे खरे आहे, आणि म्हणूनच या वर्षीच्या मचाणाचा बांबू मागल्या थंडीतच तोडून सावलीत उभा करून ठेवलेला असला पाहिजे. ऐनवेळी मिळालेला बांबू वापरावाच लागला तर तो चिरलेला नाही, त्यातून पिवळसर भुकटी गळत नाही आणि हातात धरून दगडावर आपटल्यावर खणखणीत वाजतो एवढे तरी पाहावे.

दोराच्या बाबतीत कंजुषी करू नये, हे मी काकांच्या घोट्याची शपथ घेऊन सांगतो. बाजारात मिळणारी स्वस्त पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी उन्हाने एका हंगामात कुजते, तिचे तंतू बोटाने चुरगळले की भुकटी होते, आणि ती गुळगुळीत असल्याने गाठ धरून ठेवत नाही. नायलॉनचा दोर बळकट खरा, पण ओला झाल्यावर ताणतो, म्हणून पावसानंतर तो पुन्हा आवळावा लागतो. अंबाडीचा किंवा काथ्याचा सुंभ गाठ उत्तम धरतो, मात्र एका हंगामापुरताच. आम्ही सांगाड्याच्या मुख्य सांध्यांना नायलॉन आणि वरच्या कामट्यांना (बांबूच्या चिरफळ्यांना) सुंभ वापरतो. झाडाला खिळा ठोकू नये; खिळ्याशी लाकूड कुजते आणि खिळा वाऱ्याने हलून हलून सैल होतो. दोर आणि साल यांच्या मध्ये गोणपाटाची दुहेरी घडी घालावी.

मचाणाचा आकार दोघांसाठी सहा फूट बाय चार फूट पुरतो आणि उंची दहा फुटांच्या वर नेण्याचे कारण नसते; तूर डोक्याएवढी झाली तरी तेवढ्यावरून पलीकडचा धुरा दिसतो. आतली बाजू झाडाच्या बेचकीवर आणि बाहेरचे दोन कोपरे जमिनीत पुरलेल्या मेढींवर (खांबांवर) घेतले, तर सारा भार फांद्यांवर पडत नाही. मेढीचे बूड जाळून किंवा डांबर लावून अडीच फूट खोल पुरावे, नाहीतर उधई ते दोन महिन्यांत पोखरते. वाशाचा दोन आधारांमधला पल्ला आखूड ठेवण्यावर सगळ्यात जास्त लक्ष द्यावे, कारण पल्ला दुप्पट केला की त्याच वजनाखाली वासा आठपट लवतो. म्हणून सहा फुटांच्या बाजूला मधोमध एक जास्तीचा टेकू देणे हे चार जास्तीचे बांबू टाकण्यापेक्षा उपयोगाचे असते. आडव्या-उभ्या वाशांच्या सांध्यावर दोराचे चार वेढे आलटून पालटून द्यावेत आणि त्यानंतर दोन वाशांच्या मधून आडवे तीन वेढे घालून ते करकचून आवळावेत. हे मधले वेढे बहुतेकजण विसरतात किंवा आळस करतात, आणि सांधा सरकतो तो त्यांच्याच अभावी. तिन्ही उघड्या बाजूंना तीन फुटांचा कठडा हवा, पण कठडा हा कूस बदलताना माणसाला अडवण्यासाठी असतो, टेकून बसण्यासाठी नव्हे.

माणसाने स्वतःला बांधून घेण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे याला भित्रेपणा समजतात. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणाऱ्यांमध्ये एक पद्धत आहे : शिकारी कमरेला व मांड्यांना सॅडल नावाचा रुंद पट्टा बांधतो, तो दोराने झाडाला अडकवतो आणि त्यावर रेलून राहतो, पायाखालची फळी दीड-दोन वीत रुंद, केवळ पाय टेकण्यापुरती असते, आणि पुष्कळजण ती घरीच बनवतात. ती फळी निसटली तरी माणूस दोरावर राहतो, कारण जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीला पाय लागेपर्यंत तो झाडाला बांधलेलाच असतो. आपल्याला त्यांची शिकार नको, ही सवय मात्र उचलण्यासारखी आहे. चार मीटरवरून पडलेला माणूस एका सेकंदाच्या आत, ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर येतो. सावरायला वेळच नसतो. बांधकामावर वापरतात तसा, आयएस ३५२१ या भारतीय मानकाची खूण असलेला पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा घ्यावा. नुसता कमरेचा पट्टा पडताना पोट आणि पाठीचा कणा दुखावतो. त्याचा दोर डोक्याच्या वर बुंध्याला बांधावा, मचाणाला कधीही नाही, आणि बसल्यावर त्यात जेमतेम वीतभर ढील राहील असे पाहावे, कारण जितकी ढील जास्त तितका झटका मोठा. पट्ट्यात लटकून राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साकळते आणि थोड्याच मिनिटांत शुद्ध हरपू शकते. म्हणून हाताशी एक फास केलेला जास्तीचा दोर असावा, ज्यात पाय घालून उभे राहता येईल, आणि जोडीदाराला खाली कसे उतरवायचे हे दोघांनीही आधी करून पाहिलेले असावे.

आता परीक्षा. दोन माणसे, अंथरूण, पाणी, बॅटरी हे सारे मिळून १५० किलो धरले तर मचाणाने त्याच्या दुप्पट, म्हणजे ३०० किलो पेलले पाहिजेत. युरियाच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, प्रत्येकी २५ किलो धान्याच्या काट्यावर तोलून अशी बारा पोती तयार करावीत. अंदाजाने भरू नयेत, ओली माती फसवते. वजन वर चढवण्याची गरज नाही. मचाणाच्या वाशांना चार दोर बांधून खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर एक जुनी बाज टांगावी आणि तिच्यावर पोती ठेवत जावीत, म्हणजे सांगाडा मोडला तरी वजन वीतभरच खाली येईल. वरचा सांगाडाही त्याबरोबर कोसळू शकतो, म्हणून पोती बाहेरून, उतरत्या फळीवरून लांब बांबूने ढकलावीत. मचाणाखाली कोणीही शिरू नये, पोरांना आणि बैलांना लांब ठेवावे.

वजन चढवण्यापूर्वी दोन खुणा कराव्यात. पहिली, प्रत्येक सांध्यावर दोर आणि बांबू या दोहोंवरून जाणारी गेरूची एक सरळ रेघ. दुसरी, प्रत्येक कोपऱ्याची आणि मधल्या वाशाची जमिनीपासूनची उंची, एका काठीवर कोरून. तीन-तीन पोती वाढवत जावे आणि दर वेळी पाच मिनिटे थांबून ऐकावे. दोर बसतानाचा करकर आवाज येणारच. बांबूचा कट्‌ असा कोरडा आवाज आला तर तेथेच थांबून चीर शोधावी. पूर्ण ३०० किलो २४ तास तसेच ठेवावे, कारण दोर लगेच नव्हे तर रात्रभर ताणतो आणि मेढी दवाने मऊ झालेल्या मातीत हळूहळू बसते. सकाळी गेरूची रेघ कोठे तुटली आहे ते पाहावे : रेघ तुटली म्हणजे सांधा सरकला, मग तो केसभर का असेना, आणि तो सोडून पुन्हा बांधायचा. वजन काढल्यावर वासे बोटभराच्या आत मूळ उंचीला परत आले पाहिजेत. त्यानंतर बाज बाहेरच्या एकेका कोपऱ्याखाली टांगून १५० किलोंची परीक्षा घ्यावी, कारण डुकरांचा आवाज आला की दोघेही एकाच कोपऱ्याकडे धावतात आणि मचाणे मोडतात ती अशाच वेळी.

ही परीक्षा उतरली तरच माणसाने वर जावे, तेही भर दिवसा आणि पट्टा बांधून. प्रत्येक कोपऱ्यावर उभे राहावे, बसावे, हलकेच उडी मारावी, आणि थोडा वारा असलेल्या दुपारी तासभर नुसते बसून झाड डोलताना कोणता दोर सालीवर घासतो ते पाहावे. त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी न लावता एकदा चढ-उतार करावा, कारण पायरी चुकते ती चढताना कमी आणि पहाटे पेंगुळलेल्या डोळ्यांनी उतरताना जास्त.

शिडीचे बूड झाडापासून तिच्या उंचीच्या पाव अंतरावर, वरचे टोक बुंध्याला बांधलेले आणि मचाणाच्या वर हातभर निघालेले असावे. चढताना हातात काही नसावे; कोयता, पाण्याची कळशी, घोंगडी सगळे मागाहून दोराने वर ओढावे. शेकोटी मचाणावर नको, कडब्याच्या अंथरुणावर तर नकोच. मोबाइलवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे, विजेची पूर्वसूचना देणारे दामिनी ॲप घेऊन ठेवावे, मात्र गडगडाट कानावर पडला तर ॲपची वाट न पाहता दोघांनी मिळून उतरावे, झाडाखाली न थांबता पक्क्या घराकडे निघावे.

पहिल्या पावसानंतर, मोठ्या वाऱ्यानंतर आणि एरवी दर आठवड्याला गेरूच्या रेघा पाहाव्यात. तूर घरी आली की मचाण सोडावे. बुंध्याभोवती दोर वर्षभर राहिला तर तो वाढत्या सालीत रुततो आणि झाड मारतो. बांबू धुऊन सावलीत उभे करावेत. सोडलेला दोर चांगला दिसला तरी त्याचे हातभराचे तुकडे करून मगच गोठ्यात टाकावेत, म्हणजे पुढच्या दसऱ्याला घाईत कोणी तो उचलून मचाणाला बांधणार नाही.