रंगांचा तक्ता बघून ब्रँडिंग करताय? या चुका टाळा

लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, काळा म्हणजे श्रीमंती. हा तक्ता व्हॉट्सअपवर सगळ्यांकडे येऊन गेलेला असतो आणि नवा मसाला-उद्योग काढणारा पहिल्यांदा तोच डिझायनरपुढे ठेवतो. तक्ता अगदीच खोटा नाही. पण गिऱ्हाईक रंग ओळखतं ते त्या त्या धंद्यातल्या सवयीने, आणि ती सवय प्रत्येक दुकानात वेगळी असते.

हिरवा सगळीकडे ‘नैसर्गिक’ नसतो

कृषी केंद्रात जाऊन बघा. कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. कपाशीवर वर्षानुवर्षे फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे पाठ आहे. त्याच फळीवर तुमच्या जैविक औषधाची बाटली हिरवीगार करून ठेवली, तर ‘कमी विषारी’ औषधांच्या रांगेत आणखी एक, एवढंच त्याला दिसण्याचा धोका असतो. बियाण्याच्या बाबतीत तर रंगांना सरकारी अर्थच आहे. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. हरभरा, सोयाबीन घेणारा शेतकरी सरळ ‘निळ्या टॅगचं द्या’ म्हणतो. अशा दुकानात निळ्या पट्टीची पिशवी आणायची असेल, तर ती पट्टी टॅगसारखी तर भासत नाही ना, हे आधी तपासा. नुसती गैरसमजूत झाली तरी निस्तरायला वेळ जातो. फसवणुकीचा संशय आला तर गिऱ्हाईक परत येत नाही.

माल एका रंगाचा, चित्र दुसऱ्या रंगाचं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. भरीत मसाल्याच्या पाकिटावर जांभळं, चकचकीत वांगं! डिझायनरने नेटवरून उचललेलं असतं, दुसरं काय. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते वांगं फिकट हिरवं असतं. बामणोद-आसोद्याकडच्या माणसाने ते जांभळं चित्र बघितलं की ‘हे बाहेरचं काहीतरी’ म्हणून तो पाकीट ठेवून देतो. मग तुम्ही रंगसंगतीवर कितीही डोकं चालवा. फोटो आपल्या बाजारातल्या वांग्याचाच काढा, तोही काड्यांच्या जाळावर भाजतानाचा असेल तर उत्तम.

लाल तिखटाचं थोडं वेगळं आहे. नंदुरबारच्या मिरचीचा रंगच माल विकतो म्हणून पाकिटाला मोठी पारदर्शक खिडकी ठेवतात. उजेडाने तिखटाचा रंग उतरतो आणि खिडकीतून दिसणारा भाग आधी फिकट पडतो. खिडकी लहान ठेवा, मागच्या बाजूला घ्या. तिखटात वरून रंग घालायचा विचार मात्र करू नका. मसाल्याच्या पुडीत रंग मिसळायला अन्नसुरक्षेच्या नियमांत परवानगी नाही.

नामांकित कंपनीसारखाच रंग

‘त्यांच्यासारखं दिसलं की पटकन खपतं’ हा सल्ला महागात पडतो. 2003 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कोलगेटने अँकरविरुद्ध दाद मागितली. वाद लाल-पांढऱ्या रंगसंगतीतल्या दंतमंजनाच्या डब्याचा होता. न्यायालयाने कोलगेटच्या बाजूने मनाईहुकूम दिला. नाव वेगळं होतं, तरीही. आणि कोर्टकचेरी बाजूला ठेवली तरी, तुमची जाहिरात बघून आलेलं गिऱ्हाईक सवयीने जुनंच पाकीट उचलतं. म्हणजे खर्च तुमचा आणि विक्री त्यांची.

उलट बाजूने बघा. सावदा-फैजपूर रस्त्यावरच्या केळीच्या वेफर्सच्या स्टॉलवर पिवळ्या पाकिटांची भिंतच असते. तिथे एखादं गर्द निळं पाकीट लगेच नजरेत भरतं. बाकीच्यांहून वेगळी असलेली गोष्ट जास्त लक्षात राहते, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ या संशोधिकेने 1933 मध्येच दाखवलं होतं. तक्त्यात मात्र खाण्याच्या मालासाठी निळा ‘भूक मारणारा’ रंग असतो.

काळं पाकीट, सोनेरी अक्षरं

काळ्या मसाल्याला काळं पाकीट हा मोह मी समजू शकतो. पण किराणा दुकानाच्या वरच्या फळीवर, एका ट्यूबलाइटच्या उजेडात, ते नुसतं अंधारात बसतं. बारीक सोनेरी अक्षरं चमकतात, वाचता येत नाहीत. बॅच नंबर आणि तारीख काळ्या शाईने मारली तर दिसतच नाही, तेव्हा त्यासाठी पांढरी पट्टी डिझाइनमध्येच ठेवा. सोपी चाचणी: पाकीट इतरांच्या पाकिटांमध्ये ठेवून सहा-सात फुटांवरून मोबाइलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. नाव वाचता आलं नाही तर अडचण रंगाच्या अर्थाची नाही, फिक्या-गडद फरकाची आहे. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसंही असतात, त्यांच्यासाठीही हीच चाचणी चालते.

स्क्रीनवर छान, छापल्यावर मळकट

स्क्रीनचे रंग प्रकाशाचे, छपाईचे शाईचे. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी किंवा पोपटी शाईत तसा उतरतच नाही. म्हणून छापखान्याकडून नमुना घ्या, तो दिवसाच्या उजेडात बघा आणि पास केलेला तुकडा जपून ठेवा. पुढची छपाई त्याच्याशी ताडून घ्यायची. पाऊच छापताना प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर (छपाईचा रूळ) लागतो, तेव्हा सहा-सात रंगांचा हट्ट खिशाला लागतो. सुरुवातीच्या छोट्या लॉटला साध्या पाऊचवर स्टिकर काही वाईट नाही.

फ्लेक्सचं तर विचारूच नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, आणि त्या उन्हात बोर्डावरचे लाल आणि पिवळे आधी उडतात. मागे निळसर, आजारी दिसणारी पुरणपोळी उरते. दक्षिण-पश्चिमेकडे तोंड असलेल्या बोर्डाला यूव्ही लॅमिनेशन करून घ्या, नाहीतर दर उन्हाळ्यानंतर बदलायचा खर्च आधीच धरून चाला.

विक्री पडली की रंग बदलणं

खेड्यातलं गिऱ्हाईक नाव क्वचित घेतं, ‘ते पिवळं पाकीट द्या’ म्हणतं. पाकीट हिरवं केलं तर दुकानदार त्याला दुसऱ्या कुणाचं पिवळं देऊन मोकळा होतो. आधी सील, चव, दुकानदाराचं मार्जिन आणि शेजारच्याचा भाव तपासा. तरीही बदलायचंच असेल तर मुख्य रंग आणि त्याची जागा तशीच ठेवा, बाकीचं टप्प्याटप्प्याने बदला आणि जुना माल फळीवरून संपेपर्यंत दुकानदारांना दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी लावायला सांगा.