रेंज फुल पण नेट ठप? गडबड नेमकी कुठे आहे ते असं शोधा

रेंजच्या दांड्या फुल, तरी यूपीआय गोल गोल फिरतंय आणि मागे लाईन वाढतेय, हे मुंबईत रोजचंच. मग लोक काय करतात, फोन रीस्टार्ट, सिम काढून शर्टाला पुसून परत घालायचं, आणि शेवटी कस्टमर केअरला शिव्या. त्यातलं रीस्टार्ट कधीकधी खरंच चालतं, का ते पुढे येईलच. पण आधी गडबड कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा, घरबसल्या बऱ्यापैकी कळतं.

टप्पे साधारण चार. फोन ते टॉवर, टॉवर ते कंपनीचं एक्सचेंज (याला बॅकहॉल म्हणतात, फायबर नाहीतर त्या गोल मायक्रोवेव्ह डिश), मग कंपनीचा कोअर म्हणजे मेंदू, आणि तिथून पुढे इंटरनेट किंवा समोरच्याची कंपनी. नेहमी हवेतून जातो तो फक्त पहिला टप्पा, त्या डिश सोडल्या तर बाकीचं बहुतेक वायरीनेच चालतं, पण आपण सगळ्याचं खापर टॉवरवर फोडतो.

जुन्या एमटीएनएलच्या लँडलाईनला ही भानगड नव्हती. तुमच्या नावाची तांब्याची जोडी घरातून डीपी बॉक्स (बिल्डिंगच्या लाईनी जोडायची पेटी), तिथून रस्त्यावरचा पिलर, तिथून थेट एक्सचेंज. ४८ व्होल्टचा करंटही एक्सचेंजच्या बॅटरीतूनच यायचा म्हणून बिल्डिंगची लाईट गेली तरी फोन चालू. मोबाईलमध्ये स्वतःची लाईन नसते, एका सेलमधले (सेल म्हणजे एका अँटेनाचा एरिया) सगळे तीच फ्रिक्वेन्सी वाटून घेतात. एरिया छोट्या छोट्या सेलमध्ये तोडायचा आणि तीच फ्रिक्वेन्सी लांबच्या सेलमध्ये परत वापरायची, ही आयडिया अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९४७ लाच कागदावर आली होती. म्हणून गर्दीच्या भागात टॉवर जवळ जवळ लागतात, आणि "आमच्या गच्चीवर टॉवर नको" म्हणणारी सोसायटीच रेंज नाही म्हणून पत्र लिहिते ते सोडा.

आता कामाचं. अँड्रॉईडवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाका (काही ब्रँडवर उघडत नाही, मग सेल इन्फो दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या). आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबा. दांड्या विसरा, त्या प्रत्येक फोन कंपनी आपापल्या हिशोबाने दाखवते. दोन आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे सिग्नल किती जोरात येतोय, तो मायनसमध्ये असतो, -८० च्या आसपास मस्त, -११० ला रडकुंडी, -१२० ला जवळपास गेलंच. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटातून तो किती स्वच्छ ऐकू येतोय, २० च्या वर झकास, शून्याच्या खाली असेल तर जोर असूनही उपयोग नाही. उंच बिल्डिंगमध्ये २५-३० व्या मजल्यावर राहणाऱ्यांचं हेच होतं, दहा ठिकाणचे सेल एकदम दिसतात आणि सगळे एकमेकांवर ओरडतात.

मग बँड बघा, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर आहे ते. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ (बँड ५ आणि ८) भिंतीतून आत शिरतात, २३०० (बँड ४०) माल जास्त वाहतो पण आरसीसीच्या दोन भिंतींत दमतो, ५जीचा ३३०० वाला एन७८ त्याहून नाजूक. खिडकीत ५जी आणि किचनमध्ये धड ४जी पण नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

अजून एक, मला हे फार आवडतं. ४जीवर सेल आयडी म्हणून एक लांबलचक नंबर दिसतो, त्याला २५६ ने भागा. समजा २०५११५०९ आहे, तर भागाकार ८०१२३ हा टॉवरच्या यंत्राचा नंबर आणि बाकी २१ हा त्यातला सेल. हॉलमध्ये एकदा बघा, बेडरूममध्ये एकदा. भागाकार तोच आणि फक्त बाकी बदलली तर टॉवर तोच आहे, फोनने त्याची दुसऱ्या दिशेची अँटेना नाहीतर दुसरा बँड पकडलाय. भागाकारच सारखा बदलत असेल तर तुम्ही दोन टॉवरच्या सीमेवर राहता, फोन इकडून तिकडे उड्या मारत बसतो, बॅटरीही खातो.

दोन्ही आकडे चांगले आणि तरी नेट रांगतंय? मग पहाटे उठून तेच परत बघा. पहाटे सुसाट आणि रात्री नऊला मेलेलं म्हणजे सरळ गर्दी. विरार फास्ट लोकल समोर येऊन उभी राहिली म्हणून आत शिरायला मिळेलच असं नाही ना, तसंच. पण पहाटेही ठप, शेजारच्यांचं त्याच कंपनीचं ठप, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम मात्र नीट चालतंय, तर बॅकहॉलवर संशय घ्या, कुठेतरी रस्ता खोदताना फायबर तुटलेली असू शकते. तिथे फोन रीस्टार्ट करून काही होणार नाही.

रीस्टार्ट कधी चालतं, तर फक्त तुमचाच फोन अडकला असेल तेव्हा. चालू होताना फोन कोअरकडे नव्याने हजेरी लावतो, सिममधली गुप्त चावी तपासली जाते, नवीन आयपी (नेटवरचा पत्ता) मिळतो. हेच काम एअरप्लेन मोड पंधरा सेकंद ठेवून होतं, सिम पुसायची गरज नाही.

कॉलचं थोडं वेगळं. ४जी मुळात डेटासाठी बनलं, त्यात आवाजही डेटा म्हणूनच जातो, तेच वोल्टी. ते बंद असेल तर कॉलसाठी फोन खाली २जी-३जीवर उतरतो, आणि २०१६ मध्ये आलेल्या जिओसारखं २जी-३जी नसलेलं नेटवर्क असेल तर उतरायला जागाच नाही. सेटिंगमध्ये वोल्टी चालू आहे का बघा. घरात आरएसआरपी -११५ आणि ब्रॉडबँड चांगलं असेल तर वायफाय कॉलिंग लावून टाका, कॉल टॉवरला बाजूला ठेवून ब्रॉडबँडवरून थेट कोअरला जातो. माझ्या मते मुंबईतल्या आतल्या खोल्यांवर याच्याइतका स्वस्त इलाज नाही.

तक्रार करताना "रेंज येत नाही" एवढंच बोलू नका, सेल आयडी, बँड, दोन्ही आकडे, वेळ आणि पत्ता द्या, डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या. जवळ टॉवर आहेत की नाही ते सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर दिसतं. तक्रार नुसतीच बंद केली तर कंपनीच्याच अपील अथॉरिटीकडे जाता येतं, त्याला फी नाही. आणि पोर्ट करायच्या आधी शेजारच्या काकांचं दुसऱ्या कंपनीचं सिम पाच मिनिटं मागून आपल्याच किचनमध्ये आकडे बघा. त्यांचा टॉवर जवळ आहे यावर जाऊ नका, एकाच खांबावर तीन कंपन्यांच्या अँटेना असतात आणि प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे.