फाशीच्या खटल्याची फाइल: काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचे

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि विनामूल्य मिळते. अपिलासाठी ३० दिवस असतात. शिवाय उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ही शिक्षा अमलात येत नाही आणि त्या आदेशावर किमान दोन न्यायमूर्तींच्या सह्या लागतात. ती कायम करताना उच्च न्यायालयाला सगळा पुरावा नव्याने तोलावा लागतो, गरज पडल्यास जादा पुरावाही घेता येतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलमे ४०७ ते ४१०). खालच्या न्यायालयात सुटलेली चूक पकडण्याची सगळ्यात मोठी संधी हीच, म्हणून नवख्या वकिलांनी आणि विधी सेवेच्या पॅनेलवरच्यांनी फाइल पुढच्या क्रमाने वाचावी.

निकालपत्र सगळ्यात शेवटी वाचा. त्यात घटना सलग सांगितलेली असते, आणि ती एकदा डोक्यात बसली की मूळ कागदातल्या विसंगती दिसेनाशा होतात. आधी प्रथम खबर, स्टेशन डायरी, जबाब, पुरवणी जबाब, पंचनामे, मुद्देमाल पावत्या, प्रयोगशाळेचे अहवाल आणि रोजनामा (न्यायालयातल्या कामकाजाची तारीखवार नोंद). हे वाचता वाचता पाच रकान्यांचा तक्ता करा: तारीख आणि वेळ, काय घडले, नोंद कोणाची, निशाणी (पुराव्यातल्या कागदाचा) क्रमांक, आणि ही माहिती त्या क्षणी पोलिसांकडे आधीच होती का. शेवटचा रकाना भरायला कंटाळा येतो, पण बहुतेक गफलती तिथेच सापडतात.

पहिली तपासणी ओळखीची. साक्षीदाराने पहिल्या जबाबात आरोपीचे वर्णन दिले होते का? अंधार किती, अंतर किती, पाहायला वेळ किती मिळाला? अटकेनंतर ओळख परेड किती दिवसांनी झाली, त्याआधी आरोपीचा चेहरा झाकून नेत होते का, फोटो वर्तमानपत्रात आला होता का, आणि परेडमधले बाकीचे लोक वयाने-बांध्याने त्याच्यासारखे होते का? त्याहून महत्त्वाचे, साक्षीदाराने आधी दुसऱ्याच कुणाला ओळखले होते का?

हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. महाराष्ट्रातल्या २००३ च्या एका खटल्यात सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. घटनेनंतर दोनच दिवसांनी जखमी साक्षीदाराने पोलिसांच्या अट्टल गुन्हेगारांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. २०१९ मध्ये फेरविचारात सहाही जण निर्दोष सुटले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. तीन पायऱ्या ओलांडूनही कागद फाइलमध्ये तसाच पडून राहू शकतो. त्यामुळे ‘वरच्या कोर्टाने पाहिले असेलच’ असे गृहीत धरू नका.

मग कबुलीजबाब. पोलिसांसमोरची कबुली चालत नाही. चालतो तो फक्त तिच्यातला असा भाग, ज्यातून नवी वस्तू किंवा जागा सापडली (भारतीय साक्ष अधिनियम, कलम २३). म्हणून निवेदन पंचनाम्यात आरोपीचे नेमके शब्द आहेत का, की ‘गुन्ह्यातले हत्यार काढून देतो’ हे पोलिसी ठोकळ वाक्य, ते पाहा. जागा उघडी, येण्याजाण्याची असेल, किंवा तक्त्यानुसार पोलिसांना ती आधीच माहीत असेल, तर जप्तीची किंमत फार उरत नाही. पंच कुठले, आणि आणखी किती पंचनाम्यांवर त्याच सह्या आहेत, तेही बघा. दंडाधिकाऱ्यांसमोरच्या कबुलीत ताकीद दिली का, विचाराला वेळ किती दिला, आणि आधीची रात्र आरोपीने कुणाच्या कोठडीत काढली, या तीन नोंदी शोधा. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरोधी) कायद्यात पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो. तिथे सगळ्या आरोपींचे जबाब शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून पाहा. वेगवेगळ्या माणसांची वाक्ये स्वल्पविरामासकट जुळत असतील, तर ती कुणाची, हा प्रश्न न्यायालयापुढे ठेवा.

डीएनए अहवालात ‘जुळले’ लिहिलेले दिसले की भले भले वकील हातपाय गाळतात. पण अहवाल एवढेच सांगतो की प्रयोगशाळेत आलेले दोन नमुने जुळतात. ते तिथवर कसे आले हे सांगत नाही. नमुना कुणी घेतला, लाखेचे सील कोणते, मालखान्यात (पोलिसांच्या जप्त वस्तूंच्या कोठारात) कधी गेला, कुणी नेला, प्रयोगशाळेच्या पावतीवर त्याच सीलचे वर्णन आहे का, हे एकेक जोडून पाहा. दिल्लीतल्या २०१२ च्या खटल्यात नमुने दहाहून अधिक दिवस पोलीस मालखान्यात पडून होते. हे आणि इतर दोष दाखवून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फाशीच्या तिघांना सोडले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवावेत आणि त्यांच्या प्रवासाची नोंदवही ठेवावी, असे निर्देश दिले. अहवालासोबतचे आलेख आणि मूळ नोंदीही मागवा. नमुना अनेकांचा मिसळलेला असेल तर नुसत्या निष्कर्षावर विसंबता येत नाही.

फक्त परिस्थितीजन्य पुरावा असेल तर १९८४ च्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याची साखळी पूर्ण आहे का हे पाहायला घालून दिलेल्या पाच कसोट्या एकेका दुव्याला लावा. इथे फार शोधाशोध लागत नाही, दुवा निखळलेला असला तर तक्त्यात दिसतोच.

रोजनामा मात्र बारकाईने वाचा. बचावाचा वकील कधी नेमला, कागद कधी मिळाले, पहिला साक्षीदार कधी आला? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की अशा खटल्यात सरकारी खर्चाने नेमलेल्या वकिलाची किमान दहा वर्षांची वकिली हवी आणि तयारीला साधारण किमान सात दिवस द्यावेत. ‘उलटतपासणी नाही’ असा शेरा किती महत्त्वाच्या साक्षीदारांपुढे आहे, ते मोजा. दिल्लीच्या त्या खटल्यात ४९ पैकी १० महत्त्वाच्या साक्षीदारांची उलटतपासणीच झाली नव्हती. आरोपीला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ३१३) विचारलेले प्रश्नही पाहा: जी बाब त्याला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरण्यावर हरकत घेता येते.

शिक्षेचा भाग वेगळा तपासा. दोष सिद्ध झाला त्याच दिवशी फाशी सुनावली असेल तर पुरेशी सुनावणी झाली का, हे विचारा. २०२२ च्या निर्देशांनुसार परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा, तुरुंगातल्या वागणुकीचा आणि मानसिक स्थितीचा अहवाल मागवायचा असतो; नसेल तर तसा अर्ज द्या. वयाचा दाखला, शाळेचे रजिस्टर इथेच मिळवा, कारण अल्पवयाचा मुद्दा केव्हाही घेता येतो. दोष सिद्ध होऊनही उरलेली शंका हे फाशी न देण्याचे कारण होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केले आहे. तो मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात मांडा.

सर्वोच्च न्यायालयातही अपील फेटाळले तर फाशीच्या प्रकरणातला फेरविचार अर्ज तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या न्यायालयात ऐकला जातो. दयेचा अर्ज तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. राज्यपालांनी नाकारला तर राष्ट्रपतींकडे ६० दिवसांत (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७२). अधीक्षकांचे पत्र कैद्याला कोणत्या तारखेला मिळाले, त्याची पोच मागून घ्या. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.