तीन महाराष्ट्रांएवढा बर्फ आणि ध्रुवावरचा खड्डा

आर्क्टिकमधला समुद्री बर्फ वाढल्याचा शोध मी डोंबिवलीत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून लावला होता. मार्च १९८७ आणि मार्च १९८८ या दोन महिन्यांच्या क्षेत्रफळात नऊ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास फरक. म्हणजे तीन महाराष्ट्र! रात्री दीड वाजता आईला उठवून आलेख दाखवला. "बरं झालं बाई, आता झोप," म्हणाली. सकाळी ठाण्यापर्यंत दारात लटकत मी तोच आलेख मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघत होते.

आता हसू येतं, पण पुढचे दोन आठवडे हसू आलं नव्हतं.

हा डेटा पॅसिव्ह मायक्रोवेव्ह उपग्रहांचा: बर्फ आणि पाणी स्वतःहून सोडतात त्या सूक्ष्मलहरींची तीव्रता (ब्राइटनेस टेम्परेचर) मोजून बर्फ किती ते ठरवतात. ढगांतून आणि ध्रुवीय रात्रीतही दिसतं म्हणूनच आपण या डेटाकडे वळतो. ते सोडून देते. मी अडकले ते दुसरीकडेच.

हे उपग्रह ध्रुवाच्या बरोबर डोक्यावरून जात नाहीत. त्यामुळे ध्रुवाभोवती एक गोल जागा कायम न दिसलेली राहते. खरी मेख अशी की हा खड्डा दर सेन्सरला वेगळा असतो. १९७८ ते १९८७ या काळातल्या एसएमएमआर या सेन्सरला ८४.५ अंश उत्तर अक्षांशाच्या वरचं दिसत नव्हतं: जवळपास ११.९ लाख चौरस किलोमीटर. १९८७ ला एसएसएम/आय हा नवा सेन्सर आला आणि खड्डा ३.१ लाखांवर आला. २००८ पासूनच्या एसएसएमआयएसमध्ये तो फक्त २९ हजारांच्या आसपास. पहिल्या दोघांतली वजाबाकी करून बघा. माझे तीन महाराष्ट्र तिथेच सापडतील.

फाइलमध्ये हे लपवलेलं नसतं. नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला तिथे एक आकडा असतो: ० ते २५० म्हणजे बर्फाचं प्रमाण (२५० म्हणजे शंभर टक्के), २५१ म्हणजे ध्रुवाचा खड्डा, २५३ किनारा, २५४ जमीन, २५५ गायब डेटा. माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये, एक ओळ होती: २५० च्या वरचं सगळं शून्य करा. जमिनीसाठी ठीक. पण ध्रुवावर शून्य म्हणजे आर्क्टिकच्या ऐन मध्यावर उघडा समुद्र! ती ओळ मी लिहिली नव्हती, सिनिअरच्या पेनड्राइव्हवरून आली होती. उष्टी स्क्रिप्ट खाऊ नका असं सांगणार नाही, आपण सगळेच खातो. पण एकेक ओळ चावून खा.

त्याहून वाईट २००८ ला सेन्सर बदलला तेव्हाची पायरी. ती २.८ लाखांची होती आणि मला दिसलीच नाही, कारण बर्फ घटण्याच्या उतारात ती मिसळून गेली. १९८७ ची चूक आकडा फुगवून निदान ओरडली तरी. ही मात्र खरी घट गुपचूप कमी दाखवत होती.

उपाय साधा आहे. क्षेत्रफळ काढायचं तर सगळ्या वर्षांना सगळ्यात मोठा, एसएमएमआरचा खड्डा लावा, किंवा कडेच्या चौकोनांची सरासरी भरा आणि भरली असं लिहा. विस्तार, म्हणजे १५ टक्के किंवा जास्त बर्फ असलेले सगळे चौकोन, काढताना खड्डा बर्फातच धरतात. क्षेत्रफळ आणि विस्तार या दोन गोष्टींचे आकडे एका आलेखावर टाकू नका. हो, २५ किलोमीटरचा चौकोन सगळीकडे ६२५ चौरस किलोमीटर नसतो. प्रोजेक्शनमुळे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणल्यामुळे, तो ग्रिडच्या दक्षिण टोकाला ३८२ आणि ध्रुवाजवळ ६६४ पर्यंत जातो. क्षेत्रफळाची वेगळी फाइल मिळते, ती घ्या. एसएमएमआर एक दिवसाआड आहे, तेव्हा रिकामे दिवस बघून घाबरू नका. उन्हाळ्यात बर्फावर साचलेलं पाणी सेन्सरला उघडा समुद्रच वाटतं, म्हणून जुलैच्या आकड्यांवर फार जीव टाकू नका.

संशोधनाच्या गाइडबद्दल माझं मत कडू आहे. नुसता आलेख बघून "छान" म्हणणारा गाइड गोड वाटतो, पण माझे दोन आठवडे तशाच "छान"ने खाल्ले. वाचवलं ते दुसऱ्या विभागातल्या एका मॅडमनी. त्यांना आर्क्टिकमधलं काही येत नव्हतं. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "त्या वर्षी मशीन बदललं होतं का गं?"

तुमचंही असं काही झालं तर रडून घ्या, पण फाइल पुसू नका. माझा तो चुकलेला आलेख अजून आहे. नवा सेन्सर हातात आला की मी आधी २५१ किती वेळा येतो ते मोजते, आणि मगच नकाशा काढते.